संत्र्याची साल सपाट का होत नाही?

मागच्या व्याख्यानात आपण बिंदू, रेषा आणि प्रतल यांची ओळख करून घेतली. आज प्रतलातून त्रिमितीत जायचं आहे. त्यासाठी एक साधा कागद हातात घेऊ या.

कागदाच्या समोरासमोरच्या दोन कडा जुळवल्या की नळी होते, म्हणजेच वृत्तचिती. शेंगदाणेवाला वळतो तसा पुडा वळला की शंकू होतो. दोन्ही वेळा कागद ताणला गेला नाही, फाटला नाही, चुरगळलाही नाही. त्यावर आधी त्रिकोण काढला असता, तर त्याच्या बाजू आणि कोन तेवढेच राहिले असते.

आता तोच कागद चेंडूवर बसवून बघा. सुरकुत्या पडतातच. उलट बाजूनं, संत्र्याची साल टेबलावर दाबली तर ती कडेला फाटते. हा आपल्या हाताचा दोष आहे का? नाही.

पृथ्वीचा गोल डोळ्यांसमोर आणा. उत्तर ध्रुवावरून ०° रेखावृत्तानं सरळ विषुववृत्तावर या. काटकोनात वळून विषुववृत्तानंच ९०° पूर्व रेखावृत्तापर्यंत जा. पुन्हा काटकोनात वळून ध्रुवावर परत. या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन आहेत! बेरीज २७०°. कागदावर मात्र ती नेहमी १८०°.

अंतरं न बदलता गोल सपाट करता आला असता, तर सर्वांत जवळचे रस्ते जवळचेच राहिले असते, कोनही तेच राहिले असते. म्हणजे कागदावर २७०° बेरजेचा त्रिकोण मिळाला असता, आणि ते अशक्य आहे. गोलावरच्या लहान त्रिकोणात हा फरक कमी असतो, पण शून्य कधीच नसतो. पृष्ठभागाची ही वक्रता त्याच्यावरच मोजमापं करून ओळखता येते, बाहेरून बघावं लागत नाही, हे गाउस यांनी १८२७ मध्ये सिद्ध केलं.

याचा आपल्याशी काय संबंध? भिंतीवरचा जगाचा नकाशा! मर्केटर यांनी १५६९ मध्ये केलेल्या नकाशात कोन बरोबर राहतात, म्हणून तो खलाशांच्या उपयोगी पडला. पण किंमत क्षेत्रफळानं मोजली. ६०° अक्षांशावर लांबी दुप्पट दिसते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. त्यामुळे ग्रीनलंड भारताहून कितीतरी मोठं वाटतं. प्रत्यक्षात ग्रीनलंड सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, तर भारत सुमारे ३२.९ लाख!

क्षेत्रफळ बरोबर ठेवणारे नकाशेही आहेत. त्यांत आकार बिघडतात. सगळंच बरोबर ठेवणारा सपाट जगाचा नकाशा निघू शकत नाही. म्हणून नकाशा समोर आला की आपण एक प्रश्न विचारायचा: यात काय राखलंय आणि काय सोडलंय?

घरी संत्रं सोलाल तेव्हा साल टाकू नका. आधी सपाट करून बघा.