सामायिक शोधसूची आणि खोट्या नोंदी

महाजालाची शोधसूची एकाच कंपनीच्या दप्तरात न राहता स्वयंसेवकांच्या संगणकांवर विभागून राहावी, या हेतूने जर्मनीत मिखाएल क्रिस्टेन यांनी २००३ साली ‘यासी’ हा प्रकल्प आरंभिला. ज्या दप्तरात कोणीही नोंद करू शकतो त्यात खोटी नोंद करणाऱ्यास आवरावे कसे, हा अशा प्रत्येक उद्योगापुढचा मूळ प्रश्न होय.

पुष्कळांची समजूत अशी की, प्रोग्रॅमचा मूळ मजकूर गुप्त ठेवला की लबाडीला वाव उरत नाही. १९९९ साली सुरू झालेल्या ‘सेटी ॲट होम’ने परग्रहावरील बुद्धिमान जीवांच्या शोधार्थ रेडिओ-संकेतांची छाननी लोकांच्या संगणकांवर सोपविली, तेव्हा तो मजकूर खुला नव्हता, तरीही फेरफार केलेले प्रोग्रॅम निघालेच, आणि एकच तुकडा अनेक संगणकांकडे धाडून उत्तरांची रुजवात घेणे चालकांना भाग पडले.

या अनुभवावरून ‘तिघांपैकी दोघे म्हणतील ते खरे’ असा निष्कर्ष काढणे ही दुसरी, आणि माझ्या मते अधिक घातक, चूक होय. ओळखीची खातरजमा करणारी मध्यवर्ती सत्ता नसेल तर एकच मनुष्य असंख्य नावांनी हजेरी लावू शकतो, हे जॉन डूसर यांनी २००२ मध्ये ‘सिबिल हल्ला’ या नावाने दाखवून दिले. आणि असे झाले की बहुमत त्याच्याच हाती जाते. शिवाय रेडिओ-संकेताचा तुकडा स्थिर असतो, वेबपान तसे नसते. वृत्तपत्राचे मुखपृष्ठ सकाळी एक, सायंकाळी दुसरे. तेव्हा दोन प्रामाणिक माणसांच्या नोंदी जुळल्या नाहीत म्हणून त्यांतील एकास लबाड ठरविणे अन्यायाचे होईल. डिजिटल स्वाक्षरीही नोंद कोणाची एवढेच सांगते. ती खरी की खोटी, हे सांगत नाही.

खरा आधार हा की, येथे अव्वल साक्षीदार म्हणजे प्रत्यक्ष वेबपान, आणि त्याला केव्हाही बोलावता येते. अमुक पानावर ‘कांदा’ हा शब्द आहे असे कोणी नोंदविले, तर यासी ते पान पुन्हा उघडून पाहू शकते आणि शब्द न आढळल्यास ती नोंद गाळू शकते. प्रत्येक नोंद तपासण्याचीही गरज नाही: शेकडा १० नोंदी खोट्या असतील, तर स्वैर निवडलेल्या ३० नोंदींत एकही खोटी न सापडण्याचा संभव शेकडा ४ च्या आसपासच उरतो, मात्र ही निवड नोंदी दाखल झाल्यावरच व्हावी.

परंतु या तपासणीने सारे साधते, हाही गैरसमजच. ज्याने नोंद खोटी केली नाही, केवळ दडविली, तो तिच्यातून निसटतो, कारण नसलेल्या नोंदीची शहानिशा करायची कशी? यासाठी एका शब्दाची सूची परस्परांशी संबंध नसलेल्या अनेकांकडे ठेवावी, आणि उत्तर घेताना त्यांचे बहुमत न पाहता सर्वांच्या नोंदींची बेरीज करावी. खोट्या नोंदी तपासणीत गळतातच. आणि त्या अनेकांपैकी एक जरी प्रामाणिक असला, तरी दडविलेले पान सापडते.