गावठी कट्टा येतो कुठून?

साताऱ्यात जन्मलेले आणि मिरजेत डॉक्टरकी शिकलेले नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या झाडून हत्या झाली. त्यानंतर वर्षानुवर्षे रखडलेला जादूटोणाविरोधी वटहुकूम चार दिवसांत निघाला. बंदुकांच्या बाबतीत तरी आपण पुढच्या गोळीची वाट पाहू नये, असे मला वाटते.

१९५९चा शस्त्र कायदा केंद्राचा. २०१९च्या दुरुस्तीने परवान्यावरची शस्त्रे तीनवरून दोनवर आली. बेकायदा शस्त्र बनवणाऱ्या-विकणाऱ्याला किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. पण अंमलबजावणी राज्याच्या पोलिसांकडे. म्हणून सातारा-सांगलीच्या आमदारांना माझी विनंती आहे: जप्त झालेला प्रत्येक कट्टा कोणी बनवला, कोणी विकला आणि त्यांतले किती जण पकडले गेले, याचा हिशेब दर अधिवेशनात मागा.