झाकलेला चेहरा

बातम्यांमध्ये एखाद्या मुलीचा चेहरा धूसर केलेला आपण नेहमी पाहतो. काहीतरी झाकलं आहे एवढं कळतं आणि आपण पुढच्या बातमीकडे वळतो. मीही वळत असे. माझा पुतण्या लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो. मध्यंतरी एका संस्थेनं त्याच्याकडे १२ मिनिटांची चित्रफीत दिली. अत्याचार सोसलेली एक अल्पवयीन मुलगी तीत बोलत होती. कार्यकर्त्यांच्या शिबिरात ती दाखवायची होती. "चाचा, एकदा तुम्ही नजर टाका," असं तो म्हणाला, म्हणून शेजारी बसलो.

पद्धत तशी सोपी. संगणकावरचं चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. धूसर करताना प्रत्येक ठिपक्याच्या रंगात शेजारच्या ठिपक्यांचे रंग मिसळून सरासरी काढतात. ओल्या कागदावर शाई पसरावी तसं. डा विन्ची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतही हे जमतं. चेहऱ्याभोवती लंबगोल काढायचा, आतला भाग धूसर करायचा आणि 'ट्रॅकर'ला चेहऱ्यामागे सोडायचं.

खरं काम इथून पुढे. सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर १२ मिनिटांच्या १८,००० होतात. मुलीनं ओढणी सावरली, हात तोंडापुढून गेला, की ट्रॅकर फसतो आणि हाताच्या मागे लागतो. मग तिथं थांबून लंबगोल माउसनं जागेवर आणावा लागतो. एक चौकट सुटली तरी कुणीही नेमकी तीच थांबवून मोबाइलवर पुढे धाडू शकतो.

पुतण्यानं एकही सोडली नव्हती. पण मुलीच्या मागे लोखंडी कपाट होतं, कपाटाला आरसा. चौथ्या मिनिटाला ती वळून आईशी बोलली, आणि आरशात तिचा चेहरा लख्ख दिसला. दोघंही बराच वेळ गप्प होतो.

आणि आईचं काय? ती तर उघडीच होती. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं नाव आणि छायाचित्राबरोबर मुलाचं कुटुंब, शाळा, वस्ती यांची ओळखही माध्यमांत उघड करायला मनाई केली आहे. ज्यावरून दुरूनही ओळख पटेल असा तपशील देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बजावलं. आम्हा कवींना सूचकतेचं भारी कौतुक. इथं तीच घात करते.

शिवाय धूसर केलं म्हणजे पुसलं असं नाही. २००७ मध्ये इंटरपोल शोधत असलेल्या एका गुन्हेगारानं आपला चेहरा भोवऱ्यासारखा पिळून चित्रं पसरवली होती. जर्मन तज्ज्ञांनी तो पीळ उलटा सोडवला आणि त्याला थायलंडमध्ये अटक झाली. गुन्हेगार सापडला हे बरंच झालं, पण तीच युक्ती निरपराध माणसावरही चालते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी, धूसर केलेले चेहरे संगणक पुष्कळदा ओळखतो हे दाखवलं. आधी त्याच माणसांची चित्रं दाखवून त्याला शिकवावं लागतं, इतकंच. म्हणून गाडीचा नंबर, कागदावरचं नाव, असलं काही असेल तर सरळ काळी पट्टी टाकावी.

शेवटी पुतण्यानं मुलगी आणि आई दोघींवर आणि मागच्या खोलीवर काळा पडदा ओढला. मुलीचे शब्द संस्थेतल्या एका बाईंच्या आवाजात भरले. चित्रात उरले फक्त तिचे मांडीवरचे हात. संस्थेनं मुलीला फीत दाखवली. तिनं पूर्ण पाहिली आणि म्हणाली, "बांगड्या पण झाका. गल्लीत सगळ्यांना माहीत आहेत."