बर्फ पडून गेल्यावर

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस कडाक्याच्या थंडीचे. त्यांना तिथे 'चिल्लई कलान' म्हणतात, म्हणजे थोरला चिल्ला. हा शब्द ऐकला आणि मला आमच्या घरातला चिल्ला आठवला, बाळंतिणीचे चाळीस दिवस. तेव्हाही घराबाहेर पडायला मनाई असते. मी गुलमर्गला पोचलो तो थोरला चिल्ला उलटल्यावर, दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत. सोबत पुण्याचा भाचा होता. त्याला स्कीइंग करायचे होते, मला नुसता बर्फ पाहायचा होता.

दोन दिवस बर्फ पडत होता. भूमध्य समुद्राकडून निघालेले वादळी पट्टे हिवाळ्यात काश्मीरवर येतात आणि तिथला बहुतेक बर्फ ही त्यांचीच देणगी. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश निळेशार होते. "मामू, आजच जायला हवं," भाचा म्हणाला. गोंडोलाने अफरवटवर जायचे आणि दोरीपलीकडच्या उतारावरून खाली यायचे, असा त्याचा बेत. गोंडोलाखालच्या भागावर गस्तीपथकाचे लक्ष असते. पलीकडे ज्याचा जीव त्याच्या हवाली. आमच्या वाटाड्याने वर नजर टाकली आणि म्हणाला, "जनाब, आज नाही."

हा पैसे वाढवून मागणार, असे माझ्या मनात आले.

त्याने आम्हाला एका साध्या, सौम्य उतारावर नेले आणि फावड्याने छातीएवढा खड्डा खणला. खड्ड्याची भिंत पुस्तकाच्या कडेसारखी थराथरांची दिसत होती. वर ताजा, वाऱ्याने दाबून बसवलेला थर. तळाशी मात्र जाड साखरेसारखे सुटे कण. मुठीत आवळले तरी त्यांचा गोळा होईना. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ थोडा असतो आणि रात्री निरभ्र, अतिथंड. जमीन शून्य अंशाच्या आसपास असते, बर्फाचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी गार. खालची वाफ वर झिरपत राहते आणि मऊ बर्फाचे असे कोरडे, कोनदार कण बनतात. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यांच्यावर नवा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा अखंड पसरलेला असतो. माणसाचा भार पडला की खालची साखर खचते, भेग क्षणात दूरवर धावते आणि सगळा पापुद्रा सुटून निघतो. कधी आधी पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज येतो. तो ऐकला की मागे फिरायचे.

म्हणजे डोंगर आपणहून अंगावर येतो, ही माझी सिनेमातून झालेली समजूत चुकीची होती. स्कीइंग करणाऱ्यांचा बळी घेणारी दहांपैकी साधारण नऊ हिमस्खलने त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या भारानेच सुटतात.

आणि निळे आकाश? पडलेला बर्फ अजून बसलेला नसतो. वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलून आडोशाच्या अंगाला टाकत असतो, त्यामुळे एक कणही न पडता तिथला भार वाढतो. ऊन तापले की पकड आणखी ढिली होते. वादळात लोक खोलीत शेगडीपाशी बसतात, उघडीप झाली की बाहेर पडतात.

धोक्याचा उतार मुख्यतः तीस ते पंचेचाळीस अंशांचा. फार चढा असेल तर बर्फ साचण्याआधीच ओघळतो. पंचेचाळीस म्हणजे कडा नव्हे. आपल्या घरांचा जिनाच तीस-पस्तीस अंशांचा असतो! आपण सपाटीवर आहोत म्हणून सुटलो, असेही नाही. वर काय आहे ते पाहावे लागते. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथू लाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सात पर्यटक गेले, ते काही गिर्यारोहक नव्हते. उलट ८ फेब्रुवारी २०१० रोजी याच गुलमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान गाडले गेले. ती तर बर्फाचे शिक्षण घेणारी माणसे.

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो, हात हलत नाही. मदतपथक येईतो वेळ निघून जाते, म्हणून सोबत्यांनीच खणायचे. प्रत्येकाच्या अंगावर खुणेचा रेडिओ संदेश सोडणारे यंत्र, पाठीवर टोचून शोधायची लांब काठी आणि फावडे हवे. उतार ओलांडायचा तो एकेकट्याने. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर डोळा ठेवायचा.

त्या दिवशी तो उतार सुटला नाही. संध्याकाळपर्यंत उन्हात तसाच गुळगुळीत चमकत राहिला. भाचा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. "काही झालं नसतं, मामू," हे त्याचे म्हणणे आजही आहे आणि ते खोडायला माझ्याकडे पुरावा नाही. दुबळा थर दहा जणांना पेलतो आणि अकराव्याला सोडतो. वाटाड्याला मी पूर्ण दिवसाची मजुरी दिली, ती देताना त्याच्याकडे पाहणे मला जड गेले.

या डिसेंबरात भाचा मित्रांबरोबर उत्तराखंडात केदारकंठ्याला निघाला आहे. फोनवर उतार मोजायची सोय त्याने करून घेतली आहे. परवा आमच्याकडे आला, तेव्हा बराच वेळ जिन्यातच बसून होता. मग तिथूनच ओरडला, "चौतीस!"