दुसरे सिझेरियन आणि सुईणीची सोबत
न्यूझीलंडमध्ये १९९० च्या कायद्याने प्रशिक्षित सुईणीला, म्हणजे मिडवाइफला, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय प्रसूतिसेवा देण्याचा अधिकार मिळाला, आणि म्हणूनच तेथे दुसरे सिझेरियन आधीच ठरवलेली स्त्रीही गरोदरपणातील देखभालीसाठी सुईणीची निवड करू शकते. शस्त्रक्रिया अर्थातच प्रसूतितज्ज्ञ करतात, बहुधा ३९ आठवडे भरल्यावर, कारण त्याआधी जन्मलेल्या बाळाला श्वसनाचा त्रास होण्याचा संभव अधिक असतो. वार जुन्या व्रणावर रुजली आहे का, हेही सोनोग्राफीत आधीच पाहावे लागते. सुईणीचे खरे मोल मात्र शस्त्रक्रियेनंतर कळते: टाके ओढत असताना, पोटावर भार न येऊ देता, बाळाला काखेखाली धरून कसे पाजावे हे ती घरी येऊन दाखवते, आणि ही सोबत सुमारे ६ आठवडे टिकते.