गत्त्याच्या तुकड्यावरील माणसे

या स्मृतिव्याख्यानासाठी मी जुन्या अमेरिकन बेसबॉल-कार्डांचा विषय निवडला, तेव्हा काही स्नेह्यांनी विचारले की, बडोद्याच्या मराठी शाळेत या विषयाचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे. हा खेळ आपला नव्हे आणि ही कार्डे आपल्या बाजारात कधी आली नाहीत. तथापि काही वर्षे त्या देशात वास्तव्य घडले असता या छंदाने मला गाठले आणि हळूहळू असे ध्यानात आले की, हा विषय केवळ खेळाचा नाही. एखादा समाज आपली माणसे कशी लक्षात ठेवतो, कोणाला लक्षात ठेवतो आणि कोणाला सोयीस्करपणे विसरतो, याचा तो एक छोटा पण विश्वसनीय दस्तऐवज आहे. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो, त्यांच्या स्मृतीशी हा प्रश्न अगदीच असंबद्ध नाही.

प्रथम ही वस्तू काय ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटची पाकिटे कागदाची व मऊ असत. आतील सिगारेटी दबून मोडू नयेत म्हणून पाकिटात गत्त्याचा एक तुकडा घालीत. हा तुकडा कोरा का ठेवावा, असा विचार व्यापाऱ्यांच्या मनात आला आणि त्यावर नट्या, पक्षी, राष्ट्रध्वज, खेळाडू यांची चित्रे छापली जाऊ लागली. १८८६ ते १८९० या काळातील ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या कार्डांवर खरी छायाचित्रे आहेत. त्या काळच्या कॅमेऱ्याला धावता चेंडू टिपता येत नसे. म्हणून खेळाडूला स्टुडिओत उभे करून छतापासून दोरीने चेंडू टांगीत आणि तो झेलण्याचा आविर्भाव करण्यास सांगत. काही कार्डांवर ती दोरी आजही दिसते.

या छंदाचा गाभा मात्र पुढच्या एका मालिकेत आहे. १९०९ ते १९११ या तीन वर्षांत अमेरिकन टोबॅको कंपनीने आपल्या निरनिराळ्या छापांच्या सिगारेटींबरोबर जी कार्डे वाटली, त्यांना संग्राहक ‘टी-२०६’ म्हणतात. दीड इंचाहून किंचित कमी रुंद आणि अडीच इंचांहून थोडे अधिक उंच, असे हे रंगीत शिळाछापाचे कार्ड. पुढे खेळाडूचे चित्र, खाली आडनाव व शहर. मागे तंबाखूची जाहिरात. खेळाडूविषयी अन्य एक अक्षरही नाही. अशी ५२४ कार्डे या मालिकेत मोजली जातात. त्यांत शंभराहून अधिक खेळाडू दुय्यम स्पर्धांतील आहेत. त्यांचे नाव आज त्यांच्या गावीही क्वचितच कोणी घेत असेल.

माझ्याजवळ या मालिकेतील जी थोडी कार्डे आहेत ती अशाच साध्या खेळाडूंची. कोपरे झिजलेले, मध्ये घडी पडलेली. जाणकार संग्राहक त्यांना फारशी किंमत देणार नाहीत. परंतु एकेक कार्ड हाती घेऊन त्या आडनावामागचा माणूस शोधावयाचा, हाच या छंदातील खरा आनंद होय. दोन उदाहरणे देतो.

पहिला अ‍ॅडी जॉस. हा क्लीव्हलंडचा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. २ ऑक्टोबर १९०८ रोजी त्याने प्रतिपक्षाच्या एकाही फलंदाजाला पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोहोचू दिले नाही. या दुर्मीळ पराक्रमाला तेथे ‘परफेक्ट गेम’ म्हणतात. फावल्या काळात तो वृत्तपत्रात खेळावर लिहीत असे. टी-२०६ मालिकेत त्याची कार्डे आहेत. ती पाकिटांतून वाटली जात होती त्याच काळात, १४ एप्रिल १९११ रोजी, क्षयजन्य मेंदूज्वराने तो वारला. वयाची एकतीस वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. अंत्ययात्रेला जाता यावे म्हणून त्याच्या सहकाऱ्यांनी त्या दिवशीचा सामना खेळण्यास नकार दिला. पुढे जुलैमध्ये त्याच्या कुटुंबाच्या मदतीसाठी इतर संघांतील श्रेष्ठ खेळाडू एकत्र येऊन खेळले. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात, म्हणजे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, प्रवेशासाठी दहा हंगाम खेळण्याची अट आहे. जॉस नऊच खेळला. त्याच्यासाठी ही अट शिथिल करण्यात आली आणि १९७८ मध्ये त्याला तेथे स्थान मिळाले. कार्डावरच्या त्या उंच, सौम्य तरुणाकडे पाहताना हे सारे आठवते. आणि कार्डाच्या मागे मात्र सिगारेटची जाहिरात असते.

दुसरा चार्ल्स बेंडर. हा ओजिब्वे या अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या जमातीतला. अशा मुलांना त्यांची भाषा व रीतिरिवाज विसरावयास लावण्यासाठी शासनाने ज्या निवासी शाळा काढल्या, त्यांतील कार्लाइलच्या शाळेत तो शिकला. फिलाडेल्फियाच्या संघाने १९१०, १९११ आणि १९१३ मध्ये विश्वविजेतेपद मिळवले, त्यात त्याच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. पण वृत्तपत्रे त्याला ‘चीफ’, म्हणजे टोळीचा नायक, म्हणत आणि प्रेक्षक त्याला पाहून रानटी आरोळ्या ठोकत. बेंडर स्वतः स्वाक्षरी करताना मात्र आपले खरे नावच लिहीत असे. टी-२०६ वर त्याच्या चित्राखाली टोपणनाव नाही, केवळ ‘बेंडर’ एवढेच आहे. मालिकेची रीतच तशी होती, त्यात विशेष आदर नव्हता. तरीही त्या माणसाने स्वतःसाठी जे नाव राखले, ते या गत्त्यावर तरी शाबूत राहिले, याचे मला समाधान वाटते. १९५३ मध्ये त्याची कीर्तिमंदिरासाठी निवड झाली. प्रत्यक्ष समारंभापूर्वीच, मे १९५४ मध्ये, तो निवर्तला.

या मालिकेतील सर्वांत विख्यात कार्ड पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचे. जर्मन स्थलांतरितांचा हा मुलगा लहानपणी कोळशाच्या खाणीत राबला आणि पुढे आठ वेळा आपल्या लीगमधील फलंदाजीच्या सरासरीत पहिला आला. १९३६ मध्ये कीर्तिमंदिरासाठी जे पहिले पाच खेळाडू निवडले गेले, त्यांत बेब रूथच्या जोडीने तो होता. त्याच्या चित्रासाठी संमती मिळवावी म्हणून कंपनीने पिट्सबर्गच्या एका वार्ताहराला गळ घातली आणि दहा डॉलर देऊ केले. वॅग्नरने संमती नाकारली; आणि वार्ताहराचे नुकसान होऊ नये म्हणून त्याला स्वतःच दहा डॉलरचा धनादेश पाठवला. मुलांनी आपल्या चित्रासाठी सिगारेटी विकत घेऊ नयेत, अशी त्याची भूमिका होती, असे सांगितले जाते. काहींच्या मते प्रश्न मोबदल्याचा होता. तो स्वतः तंबाखू चघळत असे, हेही खरे. हेतू कोणताही असो, छपाई थांबली आणि बाहेर पडलेल्या कार्डांपैकी आज सुमारे पन्नास-साठच ज्ञात आहेत. त्यांपैकी एक ऑगस्ट २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना विकले गेले.

‘माझे चित्र माझे आहे’ हे वॅग्नरचे म्हणणे कायद्याने मान्य होण्यास बराच काळ लागला. च्युइंगगमबरोबर कार्डे देणाऱ्या दोन कंपन्यांच्या वादात १९५३ मध्ये अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने, प्रसिद्ध व्यक्तीचा आपल्या छबीवर स्वतंत्र हक्क असतो, असे तत्त्व मांडले. पुढे पोलादकामगारांच्या संघटनेतून आलेल्या मार्विन मिलर यांनी १९६६ मध्ये खेळाडूंच्या संघटनेची धुरा घेतली. तोवर खेळाडूला कार्डासाठी वर्षाला १२५ डॉलर मिळत. मिलर यांनी १९६८ मध्ये ही रक्कम दुप्पट करून घेतली, शिवाय विक्रीतील टक्केवारीही मिळवली. मुलांच्या खिशातल्या एका तुकड्यातून कामगारहक्काचा असा धागा निघतो.

आता प्रश्न येतो, तो या कार्डांवर नसलेल्या माणसांचा. टी-२०६ मधील एकही खेळाडू कृष्णवर्णीय नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुख्य लीगची दारे त्यांना बंद होती. लेखी नियम नव्हता. सर्वांच्या मूक संमतीने हे चालले होते. त्यांनी आपल्या वेगळ्या लीग उभारल्या. त्यांतला जॉश गिब्सन हा अत्यंत समर्थ फलंदाज. त्याच्या हयातीत त्याच्या देशातील कोणत्याही मोठ्या कंपनीने त्याचे कार्ड काढले नाही. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो वारला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सनने मुख्य लीगमध्ये पाऊल टाकले. मे २०२४ मध्ये त्या जुन्या वेगळ्या लीगमधील नोंदी अधिकृत आकडेवारीत समाविष्ट झाल्या आणि हजार संधींत ३७२ यशस्वी फटके या प्रमाणात गिब्सन सर्वकालीन यादीत अग्रस्थानी आला. आकडे सत्त्याहत्तर वर्षांनी दुरुस्त होऊ शकले. पण कार्ड नव्हते ते नव्हतेच. कोणा मुलाने त्याचे चित्र उशाखाली ठेवून रात्र काढली नाही, ही उणीव कोणत्याही दुरुस्तीने भरून निघणारी नाही. म्हणून जुना संग्रह पाहताना मी रिकाम्या जागाही मोजतो.

रॉबिन्सनच्या एका कार्डाची कथा उद्बोधक आहे. टॉप्स कंपनीच्या साय बर्जर यांनी १९५२ साठी ४०७ कार्डांची मोठी मालिका रचली. मागच्या बाजूस खेळाडूची माहिती व आकडे दिले. तिच्या अखेरच्या भागात ३११ क्रमांक मिकी मँटलचा आणि लगेच ३१२ रॉबिन्सनचा. हा भाग हंगाम सरता सरता बाजारात आला आणि पडून राहिला. १९६० मध्ये गोदाम मोकळे करण्यासाठी बर्जर यांनी उरलेली खोकी तराफ्यावर लादून अटलांटिक समुद्रात बुडवली. त्यातून वाचलेले मँटलचे एक उत्तम स्थितीतील कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरना गेले. पैसा आला तशी लबाडीही आली. वॅग्नरच्या सर्वांत गाजलेल्या कार्डाच्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या, अशी कबुली एका लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात दिली. किमतींची चर्चा मी येथेच थांबवतो, कारण या क्षेत्रातील सर्वांत थोर माणसाला किमतीशी कर्तव्य नव्हते.

जेफर्सन बर्डिक हा सिराक्यूज शहरातील एका विद्युत-साहित्याच्या कारखान्यात जुळणीचे काम करणारा, एकाकी आणि संधिवाताने जखडलेला गृहस्थ. इतरांनी टाकून दिलेली कार्डे त्याने आयुष्यभर जमवली आणि १९३९ मध्ये त्यांची पहिली पद्धतशीर सूची प्रसिद्ध केली. ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातील तंबाखूची कार्डे, ‘एन’ म्हणजे एकोणिसाव्या शतकातील. ‘टी-२०६’ हा क्रमांक त्याचाच. बडोद्याच्या श्रोत्यांना सूचीचे मोल सांगावयास नको. ही कार्डे पाकिटांतून वाटली जात होती त्याच सुमारास, १९१० मध्ये, श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून संस्थानातील ग्रंथालयांची व्यवस्था लावली. वर्गीकरणावाचून संग्रह हा केवळ ढीग असतो, हे महाराजांनी जाणले होते आणि त्या कारखान्यातल्या कामगारानेही जाणले होते.

बर्डिकने आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकला. संग्रहालयाने अट घातली की, मांडणी त्यानेच करावी. मुद्राचित्र विभागाच्या कोपऱ्यात त्याला एक टेबल मिळाले. वाकड्या झालेल्या बोटांनी तो वर्षानुवर्षे कार्डे वहीत चिकटवीत राहिला. १० जानेवारी १९६३ रोजी त्याने शेवटचे कार्ड चिकटवले, दुसऱ्या दिवशी रुग्णालयात दाखल झाला आणि दोन महिन्यांनी, १३ मार्चला, त्याने देह ठेवला.

सुजाण श्रोतेहो, मार्च १९४७ मध्ये, रॉबिन्सनच्या त्या पदार्पणाच्या महिनाभर आधी, आपल्या बडोद्यात होळकर संघाविरुद्ध रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. त्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. तिच्या नोंदी टिकल्या, कारण कोणीतरी गुणफलक नेमकेपणाने लिहिला. पण शाळांच्या संघांचे काय? कोणत्याही जुन्या शाळेच्या भिंतीवर खेळाडूंची सामूहिक छायाचित्रे असतात. करंडक कोणत्या वर्षीचा ते कळते, मागच्या रांगेतला तिसरा मुलगा कोण ते कळत नाही. तो मुलगा ओळखणारी माणसे दरवर्षी कमी होत जातात.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे. घरी असलेले शाळेचे जुने छायाचित्र काढावे, मागे मऊ पेन्सिलीने वर्ष, प्रसंग आणि डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहावीत, शिपायाचे व माळ्याचेही लिहावे, आणि त्याची एक प्रत शाळेच्या ग्रंथपालांकडे द्यावी. ज्यांची नावे आठवत नाहीत त्यांच्या जागी रेघ मारून जागा मोकळी सोडावी; दुसऱ्या कोणाला ती भरता येईल. हे काम एका संध्याकाळी होण्यासारखे आहे आणि ते आजच होऊ शकेल.