गडगडाट ऐकला की झाड सोडा

बचत गटाच्या बैठकांसाठी धडगावकडे आम्ही पाड्या-पाड्यांतून पायीच फिरतो. गेल्या जूनमध्ये टेकडीवर असताना वीज कडाडली आणि आम्ही पाचही जणी धावत मोहाच्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिलो. वाचलो, पण ती घोडचूक होती.

उंच झाडावर पडलेली वीज खोडातून उतरून जमिनीत पसरते. जवळ कोणी उभं असेल, तर एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. पायांत अंतर जास्त, तितका धक्का मोठा. गायी-बैलांचे पुढचे-मागचे पाय लांब असतात, म्हणून झाडाखालची जनावरं अशी दगावतात.

म्हणून गडगडाट कानावर आला की निंदणी असो की सरपण, तिथेच टाकून पक्क्या घरात जायचं. काचा बंद केलेली, पत्र्याच्या टपाची जीपही चालते. तोरणमाळला मुक्कामी येणाऱ्यांचा तंबू मात्र विजेपासून वाचवत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळची वीज दाखवतं. डोंगरात रेंज नसते, तेव्हा निघण्याआधीच बघा.

आसरा नसेलच, तर माथ्यावरून खाली उतरा, एकमेकींपासून लांब व्हा, पाय जुळवून उकिडवं बसा. आडवं पडू नका.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, बिनधास्त हात लावा. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मधोमध जोरात, भराभर दाबत राहा आणि दुसरीला 108 लावायला सांगा.